भाडं कमी, उन्हाळा कडक: नागपुरात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी लोखंडी कूलरचं परीक्षण

मुंबई, ठाणे किंवा पुणे सोडून नागपुरात बिऱ्हाड हलवणारी तरुण मंडळी घर शोधताना तीन गोष्टी विचारतात. भाडं किती, डिपॉझिट किती, आणि मिहान (विमानतळाजवळचा कंपन्यांचा परिसर) किंवा मेट्रो स्टेशन किती लांब. तिन्हींची उत्तरं इथे समाधानाची मिळतात. चौथा प्रश्न बहुतेकांना एप्रिलमध्ये सुचतो, तोवर भाडेकरारावर सह्या होऊन गेलेल्या असतात. या घराला कूलर बसतो का?

हे परीक्षण त्याच कूलरचं आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यातून येणारा प्लास्टिकचा नव्हे, तर पत्रा कापून, रिबिट मारून, मोटर-पंप जोडून दुकानदार तयार करून देतो तो लोखंडी डेझर्ट कूलर. अडीच फुटी बॉडी, १८ इंची पंखा, तीन बाजूंना ताट्या (पाण्याने भिजत राहणाऱ्या, गवत वगैरे भरलेल्या जाळ्या), खाली पाण्याची टाकी, आणि हे सगळं खिडकीबाहेर अँगलच्या स्टँडवर उभं. मार्च लागला की शहरात जागोजागी रस्त्याच्या कडेला यांच्या रांगा दिसतात.

निकाल आधीच सांगायचा तर होळीपासून मृगाच्या पावसापर्यंत नागपुरात इतके पैसे वसूल करून देणारी दुसरी वस्तू नाही. पण दोन अटी आहेत. घराला योग्य खिडकी हवी आणि घरातलं अर्थिंग खरं हवं. यातलं एक जरी नसेल तर कूलर घेऊ नका. खरं तर ते घरच घेऊ नका, कारण कमी भाड्यात वाचलेला पैसा एसीच्या बिलात जाईल.

इथे का चालतो, मुंबईत का नाही

कूलर हवा गार करतो ती पाणी उडवून. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती आत येणाऱ्या हवेतूनच घेतली जाते. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी झपाट्याने उडतं. मुंबईची मे महिन्यातली हवा आधीच ओलीचिंब असते. तिथे ताट्या भिजतात, पांघरूण भिजतं, गारवा मात्र येत नाही. नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. इथे मेच्या दुपारी पारा ४४ आणि आर्द्रता १५ टक्के ही नेहमीची गोष्ट. २०१३च्या मे महिन्यात तर पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता.

४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेत ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर २३ अंशांच्या जवळ येऊन थांबतो. कूलरचा तळ तोच. कितीही महाग कूलर घ्या, त्याखाली जाणार नाही. ताट्या चांगल्या असतील तर बाहेरची हवा आणि हा तळ यांच्यातलं पाऊण अंतर कूलर कापतो, म्हणजे तोंडातून येणारी हवा २८-२९ अंशांची असते. आता जुलै धरा. बाहेर ३३ अंश, आर्द्रता ७० टक्के. तळ २८च्या वर सरकतो आणि कूलरमधून साडेएकोणतीसची हवा येते. आकडा जवळपास मेइतकाच, पण आता त्या हवेत आणखी ओलावा मावत नाही. अंगावरचा घाम वाळत नाही, उशी दमट लागते, कागद मऊ पडतात. म्हणून पहिला दमदार पाऊस झाला की पंप बंद करायचा आणि नुसता पंखा चालवायचा. पावसाळ्यात कूलरकडून गारव्याची अपेक्षा करणं हा वस्तूवर अन्याय आहे.

टाकीत बर्फ टाकायची युक्ती दर उन्हाळ्यात कोणीतरी सांगतंच. पाच किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, तेवढी पाऊण लिटरहून थोडं कमी पाणी उडतानाही ओढली जाते. भर दुपारी हा कूलर तासाला वीसेक लिटर पाणी उडवत असतो, म्हणजे पाच किलो बर्फाचं काम तो दोन मिनिटांत स्वतःच करतो. गच्चीवरच्या टाकीतून चटका बसेल असं पाणी आलं तरीही काळजी नको. ताट्यांवरून दोन-चार फेऱ्या झाल्या की ते आपोआप गार होतं.

घर बघताना खिडकी बघा

घर बघायला दुपारी तीन ते चारच्या दरम्यान जा. सकाळी अकराला सगळीच घरं गार वाटतात. मोजपट्टी सोबत ठेवा.

अडीच फुटी कूलरच्या तोंडाला साधारण दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच मोकळी जागा लागते. जुन्या स्वतंत्र घरांमध्ये, विशेषतः मालक खाली आणि भाडेकरू वर अशा घरांत, एका खिडकीचं ग्रिल कूलरसाठी मुद्दाम कापून ठेवलेलं असतं. असं घर मिळालं तर अर्धं काम झालं. ग्रिल सलग असेल तर कूलर ग्रिलच्या बाहेरून लावावा लागतो. मग हवा गजांवर आपटते आणि बरीचशी बाहेरच्या बाहेर फिरते. ग्रिलचा चौकोन कापून घ्यायची मालकाची तयारी आहे का, हे टोकन देण्याआधी विचारा. सरकत्या काचेच्या खिडकीत निम्मीच जागा उघडते. तिथे काचेची एक झडप काढून ठेवायला आणि उरलेल्या फटीत प्लाय किंवा थर्माकोल बसवायला परवानगी लागेल.

दिशा उत्तर किंवा पूर्व असेल तर उत्तम. पश्चिमेच्या खिडकीतला कूलर दुपारी दोन ते सहा उन्हात भाजतो, पत्रा तापतो, ताट्या कडेने सुकतात. दुसरी खिडकीच नसेल तर कूलरवर हिरव्या जाळीचं छप्पर घाला, फक्त ते ताट्यांपासून फूटभर दूर राहू द्या, नाहीतर हवा ओढायची वाटच बुजते.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. हवा आत येते तशी बाहेर जायलाही वाट हवी. कूलरच्या समोरची किंवा पुढच्या खोलीतली खिडकी उघडता येते का ते पाहा. एकच खिडकी असलेल्या खोलीत कूलर म्हणजे दमटपणाचा कारखाना. पहिल्या अर्ध्या तासात बरं वाटतं, मग खोली कोंदटते आणि लोक म्हणतात, कूलर बिघडला. बिघडलेला नसतो. दार किती उघडं ठेवायचं याची परीक्षा सोपी आहे. कूलर फुल स्पीडवर ठेवून खोलीचं दार हळूहळू लोटा. शेवटच्या विताला ते हाताला विरोध करत असेल तर खोलीत दाब साठतोय, म्हणजे वाट कमी आहे. समोरची खिडकी आणखी चार बोटं उघडा.

वरच्या मजल्यावरचं घर असेल तर १२० किलो डोळ्यांसमोर ठेवा. अडीच फूट बाय अडीच फूट टाकीत सहा इंच पाणी म्हणजे सुमारे ८५ लिटर, वर लोखंड. हे वजन लटकत्या स्टँडवर येतं. भिंतीतून आरपार बोल्ट घेतलेला स्टँड हवा, रावळप्लगवर टांगलेला नको. खाली रहदारीचा रस्ता किंवा शेजाऱ्याचं अंगण असेल तर याबाबत कसलीही तडजोड करू नका. बाल्कनी असेल तर प्रश्नच मिटतो, कूलर जमिनीवर उभा राहतो. शेवटचा मजला असेल तर स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्यावर कूलर पुरा पडत नाही. गच्चीवर चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात मारायला मालक तयार आहे का ते विचारा.

पाण्याचा प्रश्न तितकाच मोठा. भर मेमध्ये हा कूलर दुपारी ताशी १५ ते २५ लिटर पाणी पितो, रात्री त्याहून कमी. दिवसाचे बारा-चौदा तास धरले तर दोनशे लिटरच्या पुढे. तीन मित्र, एक ५०० लिटरची टाकी आणि दोन कूलर हे गणित बसत नाही. शहराच्या कडेला नवे लेआउट झालेत, तिथे घर बघत असाल तर नळ आहे की बोअर आणि टँकर, हे मालकाकडून आणि शेजाऱ्याकडूनही विचारून घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर ताट्यांवर पांढरा थर चढतो आणि वरून त्यांच्यावर पाणी सोडणाऱ्या पन्हळीची भोकं बुजतात. कूलर चालेल, पण साफसफाई दुप्पट.

आणि मीटर. महावितरणचं स्वतंत्र मीटर असलेलं घर घ्या. सब-मीटर असेल तर प्रति युनिट दर करारात लिहून घ्या, कारण घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर चढतात. दोन कुटुंबांचा वापर एकाच मीटरवर आला की सगळेच वरच्या टप्प्यात जातात.

दुकानात काय तपासायचं

पत्र्याचा गेज विचारा. आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, म्हणजे २२ गेज हा २४ पेक्षा चांगला. सगळी बॉडी जाड नसली तरी चालेल, टाकी मात्र जाड हवी, कारण गंज तळाच्या कोपऱ्यांतूनच सुरू होतो. टाकीत आतून हात फिरवा. जोडावर सोल्डर किंवा सीलंट सलग आहे का, कुठे खरबरीत टोक लागतंय का ते पाहा. नव्या टाकीलाही आतून ब्लॅक जपान या काळ्या, गंज रोखणाऱ्या रंगाचे दोन हात मारून, पूर्ण वाळवून मगच पाणी भरलं तर आयुष्य वाढतं.

मोटर तांब्याच्या वाइंडिंगची घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या. दुकानात चालू करायला लावा. पंखा सुरू होताना अडखळला, किंवा पूर्ण वेगात बॉडी थरथरली, तर पातं वाकलंय किंवा बुश ढिली आहे. बंद केल्यावर पंखा सावकाश, गुळगुळीत थांबायला हवा. झटक्यात थांबला तर शाफ्ट घासतोय.

पंप ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी जाणारी वस्तू. दोनेकशे ते चारेकशे रुपयांत मिळते. एक जास्तीचा पंप आणि मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्याचा एक कॅपॅसिटर घरात ठेवा. नवतपात, म्हणजे २५ मेच्या आसपास सुरू होणाऱ्या त्या नऊ दिवसांत, पंप बसला तर दुरुस्ती करणारा लवकर सापडत नाही आणि सापडला तर त्याच्याकडे रांग असते.

ताट्यांबाबत तीन पर्याय. लाकडाच्या तासाचं गवत, वाळा म्हणजे खस, आणि हनीकोंब म्हणजे पोळ्यासारख्या भोकांचा कागदी पॅड. गवत स्वस्त, नवं असताना भरपूर गार करतं, पण एका हंगामाचं. त्याची खरी खोड वेगळीच आहे. महिनाभर भिजून ते खाली बसतं आणि ताटीच्या वरच्या बाजूला चार बोटांची फट पडते. त्या फटीतून ४४ अंशांची हवा सरळ आत येते. बहुतेक घरांत मेच्या मध्यावर ‘यंदा कूलर गार करत नाही’ अशी तक्रार सुरू होते, त्याचं कारण ही फट. ताटी उघडून वरून मूठ-दोन मूठ गवत भरलं की कूलर पुन्हा पूर्वीसारखा चालतो. वाळ्याच्या ताटीला पहिल्या पाण्याबरोबर जो मातकट सुगंध येतो त्याला तोड नाही, मात्र त्यातून तंतू गळतात आणि ते पंपात अडकतात. हनीकोंब महाग, बसत नाही, नीट जपलं तर दोन-तीन हंगाम जातं, पण बोअरच्या जड पाण्यात त्याची भोकं क्षारांनी बुजतात. नळाचं पाणी असेल तर हनीकोंब, बोअर असेल तर गवत, असा माझा सरळ कौल आहे.

बसवणं आणि पहिला दिवस

कूलर खिडकीकडे झुकलेला नको. बाहेरच्या बाजूला अगदी किंचित, बोटाच्या पेराइतका उतार द्या, म्हणजे सांडलेलं पाणी भिंतीत जिरणार नाही. तोंड आणि चौकट यांच्यातली प्रत्येक फट थर्माकोल किंवा फोमने बंद करा. संध्याकाळी खोलीतला दिवा लावून बाहेरून पाहिलं की उरलेल्या फटी लगेच दिसतात. बाहेर नळाची तोटी जवळ असेल तर बॉल (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता व्हॉल्व्ह) बसवून घ्या, म्हणजे टाकी आपोआप भरत राहील. नसेल तर पाइपने भरावं लागेल आणि भर दुपारी चार तासांतून एकदा उठावं लागेल. ऑफिसला जाणाऱ्यांसाठी बॉलशिवायचा कूलर निरुपयोगी.

नव्या ताट्या लावण्याआधी पाइपने धुऊन घ्या. तरीही पहिले दोन दिवस वास येईल आणि टाकीतलं पाणी चहासारखं होईल. ते पाणी सोडून द्या. पंपाला नायलॉनच्या जुन्या मोज्यात किंवा बारीक जाळीत बांधून टाकीत ठेवा, म्हणजे गवत आत जाणार नाही.

चालू करायचा क्रम असा. आधी पंप, दहा मिनिटं, मग पंखा. ताट्या कोरड्या असताना पंखा लावला तर धूळ आणि लू दोन्ही घरात येतात. दहा मिनिटांनी कूलर बंद करून, प्लग काढून, तिन्ही ताट्यांवर तळहात वरपासून खालपर्यंत फिरवा. हात सगळीकडे सारखा ओला व्हायला हवा. मध्येच कोरडा पट्टा लागला तर त्याच्या वरचं पन्हळीचं भोक बुजलेलं असतं. अगरबत्तीच्या काडीने ते मोकळं करा. ही एक तपासणी आठवड्यातून एकदा केली तरी निम्म्या तक्रारी संपतात.

तोंडातून पाण्याचे थेंब उडत असतील तर पंपाच्या नळीवरचा वॉल्व्ह थोडा बंद करा किंवा ताटीत पातळ झालेली जागा भरा. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, किंवा काठीने ढकलल्यावर फिरते, हे कॅपॅसिटर गेल्याचं लक्षण. मोटर फिरते पण वेग दिवसेंदिवस मंदावतोय, तरी आधी कॅपॅसिटरच बदला. पाण्याला कुबट वास आला की टाकीतलं सगळं पाणी बदलायची वेळ झाली. नुसतं वरून पाणी ओतत राहिलात तर पाणी उडतं, क्षार मागे उरतात आणि टाकीतलं पाणी दिवसागणिक जड होत जातं.

रात्री झोपताना वेग कमी करा. पहाटे तीन-चारला पंप बंद करून नुसता पंखा ठेवला तर अंग आखडत नाही आणि गादी दमट होत नाही. घरून काम करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८ इंची पंखा फुल वेगात असताना मीटिंगमध्ये समोरच्याला फक्त घरघर ऐकू जाते. मधला वेग ठेवा आणि टेबल झोताच्या बाजूला लावा, समोर नाही.

शॉक

हा भाग उडवून वाचू नका. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक बसून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात आणि महावितरणही दरवर्षी सावध करतं. लोखंडी बॉडी, आत पाण्यात बुडालेला पंप, ओली फरशी, अनवाणी पाय. पंपाची वायर कुठे सोलली किंवा मोटरच्या वाइंडिंगला ओल लागली की अख्खी बॉडी जिवंत होते. अर्थिंग चांगलं असेल तर तो करंट जमिनीत जातो आणि ब्रेकर पडतो. नसेल तर तो बॉडीत वाट बघत राहतो.

जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. म्हणून राहायला येण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून टेस्ट लॅम्प लावून घ्या. फेज आणि अर्थ यांच्यात बल्ब पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर अर्थिंग नाही असंच समजा. बल्ब लावताच ब्रेकर पडला तर चांगलंच, याचा अर्थ घरात आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून वीज तोडणारी कळ) आहे आणि ती काम करतेय. नसेल तर ३० मिलिअँपियरची बसवून घ्या. मालक खर्च देत नसेल तर स्वतः द्या, तरीही एका एसीपेक्षा कितीतरी स्वस्त पडेल. तिच्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

बाकी नियम कडक ठेवा. पाणी भरताना, ताटीला हात लावताना, पंप हलवताना प्लग ओढून बाहेर काढायचा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण चुकीच्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर असतं आणि बंद असतानाही कूलरमध्ये फेज राहतो. पंपाच्या वायरला टाकीच्या आत जोड नको, टेप लावलेला तर मुळीच नको. कूलरवर ओले कपडे वाळत घालायचे नाहीत. बॉडीला हात लागून नुसती झिणझिण जाणवली तरी कूलर त्याच क्षणी बंद करून मेस्त्रीला बोलवा. झिणझिण हा किरकोळ बिघाड नाही.

डासांबाबतही तेवढंच. डेंग्यूचे डास कूलरच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करा आणि कडा घासा. अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून उपयोग नाही. पाऊस सुरू झाल्यावर न वापरता पाण्यासकट उभा ठेवलेला कूलर सगळ्यात वाईट.

एसी आणि प्लास्टिकचा कूलर

या कूलरची मोटर आणि पंप मिळून साधारण २०० वॅट घेतात. दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला सत्तरेक युनिट. दीड टनाचा एसी रात्रीचे आठ तास चालवला तरी महिन्याला दोनशेच्या पुढे सहज जातो आणि बिलाचा टप्पाही वर सरकवतो. वीज गेली तर घरगुती इन्व्हर्टरवर कूलर चालतो, एसी नाही. पण जून-जुलैची दमट काहिली, बंद काचांचा फ्लॅट, धुळीची अॅलर्जी किंवा एकच खिडकी असलेली खोली, या चारही ठिकाणी एसीच हवा. तिथे कूलर घेऊन स्वतःची फसवणूक करू नका. दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी तर कधीच लावू नका. कूलर ओलावा भरत राहतो आणि एसीची निम्मी ताकद तो काढण्यातच जाते.

प्लास्टिकचा ब्रँडेड कूलर शांत असतो, गंजत नाही, शॉकची भीती कमी आणि घर बदलताना चाकांवर ढकलत नेता येतो. मात्र ताट्या लहान, झोत अरुंद, टाकी लहान. शिवाय लोक तो खोलीच्या आत ठेवतात, मग तो खोलीतलीच दमट हवा पुन्हा ओढतो. दहा बाय दहाच्या खोलीत, एकट्यासाठी, खिडकीला चिकटवून ठेवला तर चालेल. बारा बाय पंधराच्या हॉलमध्ये तिघं झोपणार असतील तर लोखंडीच. वर्षभरासाठीच नागपुरात आला असाल तर हंगामाच्या भाड्याने मिळणारा कूलरही बघा, फक्त ताट्या नव्या घालून द्यायला सांगा आणि पंपाची वायर स्वतः पाहा.

खरेदी फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला करा. एप्रिलमध्ये भाव चढतात, मेमध्ये मिळेल तो घ्यावा लागतो. घर सोडताना कूलर मालकालाच किंवा येणाऱ्या भाडेकरूला विकायचा असेल तर कापलेलं ग्रिल आणि स्टँड कोणाचे, हे करारात एका ओळीत लिहून ठेवा. डिपॉझिट कापायचं निमित्त नेमकं तेच होतं.

पाऊस स्थिरावला की प्लग काढून ताट्या उतरवा. गवत फेकून द्या, हनीकोंब असेल तर उन्हात वाळवा. टाकी घासून, दोन दिवस कोरडी करून आतून पुन्हा ब्लॅक जपानचा हात मारा. पंप साध्या पाण्यात पाच मिनिटं चालवून, पुसून घरात ठेवा. मोटरला प्लास्टिक गुंडाळू नका, आत ओल अडकते आणि पुढच्या होळीला बेअरिंग किरकिरतं. जुनी सुती चादर बांधा.